हिरव्या पाटीला थांबवू नये

शहरात हिरव्या पाट्या आल्या आणि माझ्या दुपारच्या जेवणाचं वाटोळं झालं. धूर न सोडणाऱ्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या गाड्यांना वेगळी नंबरपाटी द्यायची, हिरव्या रंगावर पांढरे आकडे, आणि अशा गाड्यांना सरकारी वाहनतळांवर फुकट सोडायचं, असं ठरलं. ठरवणारे ठरवून घरी गेले. वाहनतळांवरचे कॅमेरे मात्र पांढऱ्या पाटीवरचे काळे आकडे वाचायला शिकलेले होते. त्यांना हिरव्यावरचं पांढरं वाचायला शिकवायचं काम आमच्या कंपनीकडे आलं, आणि कंपनीत जे काम कुणालाच नको असतं ते माझ्या गळ्यात पडतं.

एकूण बावीस वाहनतळ. एकवीस ठिकाणचे कॅमेरे महिन्याभरात शहाणे झाले. बाविसावा पोहण्याच्या तलावाचा. तिथून दर आठवड्याला तक्रार यायची: बाहेर जायच्या फाटकावरचा कॅमेरा हिरवी पाटी वाचत नाही, दांडा हाताने उचलावा लागला. मी जायचे. माझ्या पिशवीत नमुन्याची एक हिरवी पाटी असायची. ती छातीशी धरून कॅमेऱ्यासमोर चालत गेलं की दांडा मुकाट्याने वर जायचा, जणू मीच गाडी. दहादा तशी चालले तर दहादा वर. मग मी पाटी पिशवीत टाकायचे आणि फाटकावरच्या माणसाकडे रागाने बघायचे.

तो माणूस म्हणजे कंडक्टर. बसमधली नोकरी सुटून त्याला अकरा वर्षं झाली होती, पण सगळे त्याला कंडक्टरच म्हणत, कारण गाडी आत घेताना तो अजूनही "चला, पुढे चला, मागे जागा होऊ द्या" म्हणायचा. मागे कुणी नसलं तरी. वय साठीच्या पुढे, अंगाने वाळलेला, आणि डोक्यावर बसमधलीच जुनी खाकी टोपी. वाहनतळाच्या नोकरीत टोपीची सक्ती नव्हती. त्याला विचारलं तर म्हणाला, "टोपी काढली तर ओळखणार कोण?" मी म्हटलं, घातली तरी कोण ओळखतं? ते त्याला आवडलं. तो बराच वेळ हसला.

"तुमचा कॅमेरा रंगांधळा आहे, ताई," तो पहिल्या दिवशी म्हणाला.

"कॅमेरा ठीक आहे, काका. तुम्हीच काहीतरी बटण दाबत असाल."

"मी आयुष्यात एकच बटण दाबलंय. बसची घंटा."

त्याची केबिन उभं राहिलं तर दोन माणसांची आणि बसलं तर एकाची. एक खुर्ची, एक खिळा टोपीसाठी, थर्मास, आणि एक लांबट नोंदवही. बाहेरच्या भिंतीवर नवीन फलक लावला होता, हिरव्या रंगातच: हिरव्या पाटीला थांबवू नये. दांडा हाताने उचलला तर गाडीचा नंबर आणि वेळ वहीत लिहायची, सही करायची आणि कार्यालयाला कळवायचं, असा नियम होता. बावीस वाहनतळांवर तो नियम पाळणारा हा एकटाच. बाकीचे दांडा उचलायचे आणि विसरून जायचे. म्हणून त्यांच्या तक्रारी येत नव्हत्या आणि याच्या येत होत्या. प्रामाणिक माणसामुळे इतरांना किती त्रास होतो याचा कुणी हिशेब ठेवत नाही.

हिरव्या पाट्यांबद्दल त्याचं स्वतःचं मत होतं. "धूर सोडत नाही म्हणून गाडीला मान. मीही सिगारेट सोडली बारा वर्षांपूर्वी. मला कुणी रंगवलं नाही."

एकदा एका भाजीवाल्याने आपल्या खटारा टेम्पोची पाटी घरच्या घरी हिरवी रंगवून आणली होती. कॅमेरा बिचारा फसला आणि दांडा वर गेला. कंडक्टर केबिनमधून उतरला, टेम्पोच्या मागे निघणाऱ्या काळ्या ढगात उभा राहिला, खोकला, आणि म्हणाला, "पाटी छान आहे. आता तेवढा धूरही हिरवा करून आणा." भाजीवाला वरमून पांढऱ्या दरात पावती घेऊन गेला. ही गोष्ट कंडक्टरने मला चार वेळा सांगितली. चौथ्या वेळी मला कळलं की याच्याकडे नवीन गोष्टी येणं बंद झालंय.

कसं बंद झालं, तेही त्यानेच सांगितलं, तक्रार न करता, थर्मासमधला चहा झाकणात ओतता ओतता. बसमध्ये एकोणतीस वर्षं. रोज हजारभर माणसांशी दोन-दोन शब्द. मग तिकिटाचं यंत्र आलं. बायको होती तोवर घरी गेल्यावर दिवसभरातली माणसं तिला सांगायची, ती भाकरी भाजता भाजता ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "कालची ती रडणारी बाई आज चढली का?" ती गेली त्याला सहा वर्षं झाली. मुलगा परदेशात. महिन्यातून एकदा फोन करतो. "चांगला बोलतो हो. 'बाबा, जेवलात का' विचारतो. तेव्हा इथे पहाटेचे पाच वाजलेले असतात."

वाहनतळावर तरी पावती द्यायला गाड्या थांबायच्या. आत येताना एक शब्द, बाहेर जाताना एक. आता दहातल्या चार गाड्या हिरव्या. थांबत नाहीत, आणि त्यांचा आवाजही येत नाही. पूर्वी तो वहीत डोकं घालून बसला तरी कुठली गाडी आली ते कानाने ओळखायचा. आता मान वर करेपर्यंत दांडा खाली आलेला असतो.

"रविवारी सुट्टी असते ना," तो म्हणाला, "शनिवारी संध्याकाळनंतर बोलायचं काही काम पडत नाही. मग सोमवारी पहिल्या गाडीला 'चला, पुढे' म्हणतो, तर आवाज फुटतच नाही. घोगरा येतो. त्या गाडीवाल्याला वाटतं सर्दी झालीय."

मी चहा संपवला आणि निघाले. मला आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. मीही एकटीच राहते, पण मला त्याचं काही वाटत नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे.

पाचव्या तक्रारीला माझं डोकं तापलं. आठवडाभराची न वाचलेल्या पाट्यांची चित्रं मी मागवली. प्रत्येक वेळी कॅमेऱ्याने काढलेलं चित्र काळंकुट्ट. याआधी मी ते बघून वीज गेली असेल असं धरून चालले होते. आता वेळा बघितल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पाचला दहा मिनिटं कमी. वीज इतकी वक्तशीर जात नाही. मी एक चित्र पडद्यावर मोठं केलं, उजळवलं, आणखी उजळवलं. काळ्यातून हळूहळू कापडाची वीण दिसायला लागली. मग शिवण. मग एका बाजूला हिरव्या दोऱ्याने केलेलं रफू, नखाएवढं.

ते रफू मी ओळखत होते. सिगारेटने टोपीला भोक पडलं, बायकोने घरात होता त्या एकाच दोऱ्याने, हिरव्या, ते भरलं आणि म्हणाली, पुढचं भोक मी भरणार नाही. त्या दिवसापासून त्याने सिगारेट सोडली. हेही त्याने मला दोनदा सांगितलं होतं.

मी तशीच उठून तलावावर गेले. तो खुर्चीत बसला होता, टोपी डोक्यावर. मी चित्राचा कागद त्याच्यासमोर धरला. त्याने टोपी काढली, उलटी केली, रफू पाहिलं, कागदावरचं रफू पाहिलं.

"स्वच्छ आलंय," तो म्हणाला.

"पाच वेळा आले मी, काका. पाच दुपारी. हे काय आहे?"

त्याने टोपी परत घातली. नोंदवही माझ्याकडे सरकवली. मी पानं उलटली. पाच आठवड्यांत हाताने दांडा उचलल्याच्या चौदा नोंदी, चौदाही नोंदींत एकाच गाडीचा नंबर. वेळ बरोबर, सही बरोबर. आणि शेवटी शेरा नावाचा रकाना असतो, ज्यात बाकीचे 'कॅमेरा बंद' लिहितात किंवा काहीच लिहीत नाहीत, त्यात याने वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'साडेचार.' 'पाच.' 'पाच, दम लागला नाही.' 'सहा.' 'सहाच. नाकात पाणी.' 'साडेसात.'

"हे काय आहे?" मी पुन्हा विचारलं.

मग त्याने सांगितलं. एक बाई आहेत. औषधांच्या दुकानात काम करून निवृत्त झालेल्या, याच्याच वयाच्या. सहा महिन्यांपूर्वी बायकांच्या वर्गाला पोहणं शिकायला यायला लागल्या. तेव्हा त्यांची जुनी गाडी होती, पांढऱ्या पाटीची, खडखडत यायची. पहिल्या दिवशी बाहेर जाताना पावती देताना याने सहज विचारलं, जमलं का? त्या म्हणाल्या, आज फक्त पाय बुडवले. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, आजही पायच. पंधरा दिवस नुसते पाय. याला रात्री घरी ते आठवून हसू यायचं. मग एकदा म्हणाल्या, एक. तलावाच्या काठावर दहा खुणा रंगवलेल्या आहेत, एकपासून दहापर्यंत, दहा म्हणजे पलीकडची भिंत. काठ न धरता पहिल्या खुणेपर्यंत त्या गेल्या होत्या. तेव्हापासून रोजचा एकच सवाल: आज किती? आणि एकच जबाब.

"दोनपर्यंत आल्या होत्या," कंडक्टर म्हणाला. "मग भाचीने त्यांना नवीन गाडी दिली. हिरवी पाटी. दांडा आपोआप वर. काच बंद. नुसता हात वर केला त्यांनी आणि गेल्या. मीही केला. तीन आठवडे असं चाललं. हात वर करणं म्हणजे काही बोलणं नाही, ताई. दोनचे तीन झाले की नाही, मला कसं कळणार?"

"मग थांबवायचं ना त्यांना. विचारायचं."

त्याने बोटाने बाहेरच्या फलकाकडे दाखवलं. एकोणतीस वर्षांत एकही माणूस बिनतिकिटाचा न सोडलेला हा गृहस्थ नियमाविरुद्ध गाडी थांबवू शकत नव्हता. पण कॅमेऱ्याने वाचलंच नाही, तर दांडा उघडणार नाही, मग याला उतरून जावं लागणार, दांडा उचलावा लागणार, आणि तेवढ्यात काच खाली होणार. हे त्याला नियमात बसत होतं. स्वतःच्या टोपीने कॅमेरा झाकायचा आणि मग स्वतःच त्याची नोंद करून कार्यालयाला कळवायचं. आपल्याच पायावर इतका नेमाने धोंडा पाडून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"पहिल्या दिवशी टोपी टांगली तेव्हा म्हणाल्या, साडेचार, परवापेक्षा अर्धं जास्त." तो थांबला. "परवा कुठे बोललो होतो आम्ही? दुसऱ्या कुणाला सांगितलं असेल, आणि वाटलं असेल मलाच सांगितलं. माणसाचा गोंधळ होतो. पण बरं नाही वाटलं."

मला त्याच वेळी दया यायला हवी होती. खरं सांगते, आली नाही. पाच दुपारी फुकट गेल्या होत्या, साहेबांनी दोनदा 'नाचता येईना अंगण वाकडं' असं मला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, आणि कॅमेरा निर्दोष असल्याचं सिद्ध करणारा कागद माझ्या हातात होता. अहवालात टोपी लिहिली तर याची नोकरी जाणार, हे मला ठाऊक होतं. पाचला दहा कमी असताना मिळणारे ते दोन शब्द सोडले तर याला दिवसभर दुसरं काही नाही, हेही आता ठाऊक झालं होतं.

"अहवालात काय लिहू?" मी विचारलं. त्याने विनवणी केली असती तर मी काच मळली होती असं लिहिलं असतं. निदान मला तसं वाटतं.

"खरं तेच लिहा," तो म्हणाला. "मीही खरंच लिहिलंय."

मी खरं लिहिलं. चार ओळी, खाली सही. वाहनतळांवरची माणसं कमी करायचं कार्यालयाच्या मनात होतंच, निमित्त हवं होतं. माझ्या अहवालाने सुंठीवाचून खोकला गेला. पुढच्या सोमवारपासून केबिनला कुलूप लागलं आणि बाहेर पावती देणारं यंत्र बसवलं. कुलपाची किल्ली यंत्रांची देखभाल करणारी म्हणून माझ्याकडेच आली. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि दुपारी वेळेवर जेवायला लागले.

त्याच आठवड्याच्या शेवटी त्या फाटकाची सहावी तक्रार आली. या वेळी यंत्राने आपणहून पाठवलेली. कॅमेरा पाटी वाचतो, दांडा वर जातो, पण खाली येत नाही, कारण एक गाडी दांड्याखाली उभी राहते. सोमवारी चाळीस सेकंद. बुधवारी पन्नास. काल शुक्रवारी साडेचार मिनिटं.

नंबर बघितला आणि मी खुर्चीत सरळ झाले. ही तीच गाडी होती.

कॅमेरा न वाचलेल्या पाट्यांची चित्रं आमच्यासमोर टाकतो. वाचलेल्या पाट्यांची चित्रं कुणी बघत नाही. ती एका कोपऱ्यात साठतात आणि तीन महिन्यांनी पुसली जातात. मी तो कोपरा उघडला. सोमवारचं चित्र: हिरवी पाटी लख्ख, वर पुढची काच, काचेआड चष्मा लावलेली, ओल्या केसांची एक बाई. तिचे दोन्ही हात वर होते. एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याची तीन. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. केबिनकडे बघत होती.

बुधवारी आठ आणि एक अर्धं दुमडलेलं बोट.

मग मी मागे गेले. त्याने टोपी टांगायला सुरुवात केली त्याच्याही आधीचे तीन आठवडे. नऊ चित्रं. प्रत्येकात चालत्या गाडीत एक हात स्टिअरिंगवर, दुसरा वर. पहिल्यात दोन बोटं. मग दोन आणि अर्धं. तीन. तीन. पुढच्याच आठवड्यात साडेतीन. शेवटच्या चित्रात चार.

त्या काळात त्याला केबिनमधून फक्त वर झालेला हात दिसत होता. दुपारचं ऊन गाडीच्या बाजूच्या काचेवर पडतं, आतली बोटं दिसत नाहीत. ती मात्र प्रत्येक वेळी सांगत होती. परवापेक्षा अर्धं जास्त, हे तिने त्यालाच सांगितलं होतं, परवाच. चारपर्यंत एक हात पुरला. पुढे टोपी आली आणि ती काच खाली करून तोंडाने सांगायला लागली. टोपी गेली तेव्हा ती साडेसातवर होती, आणि त्याला दोन हात लागतात, म्हणून आता तिला गाडी थांबवावी लागत होती. केबिनच्या काचेवरही ऊनच असतं. आत कुणी नाही हे तिला माहीत नव्हतं. आठवडाभर ती कुलूप लावलेल्या खोलीला बोटं दाखवत होती.

कालची चित्रं मी शेवटी उघडली. यंत्र दर दहा सेकंदांनी एक काढतं, म्हणजे सत्तावीस होती. पहिल्या चित्रात दहा बोटं, दोन्ही पंजे ताठ, आणि तिचं तोंड हसण्याने उघडं. दुसऱ्यातही तसंच. पाचव्यात हात खाली. सहाव्यात पुन्हा दहा. मग बराच वेळ नुसती ती, केबिनकडे मान वळवून. एकोणिसाव्यात गाडीचं दार उघडं. एकविसाव्यात ती केबिनच्या काचेला दोन्ही पंजे लावून, डोळ्यांवर सावली धरून, आत बघत उभी. चोविसाव्यापर्यंत तशीच. मग गाडीत. मग गाडी नाही.

मी ती सगळी चित्रं छापली. कंपनीच्या कागदावर, न विचारता. ड्रॉवरमधली किल्लीही पिशवीत टाकली.

त्याची खोली एका लॉन्ड्रीच्या वर होती. जिना चढताना भिंत गरम लागत होती आणि इस्त्रीच्या वाफेचा वास येत होता. दार वाजवलं. आतून "कोण?" आलं, इतकं घोगरं की मला त्याचा सोमवार आठवला. तो दिवस शनिवार होता.

खोलीत एक कॉट, एक स्टोव्ह, एक ताट पालथं घातलेलं. खिळ्यावर टोपी. मला बघून त्याने खुर्ची पुसली आणि स्वतः उभा राहिला. मी काय बोलायचं ते जिन्यात ठरवलं होतं, ते सगळं विसरले, आणि कागद त्याच्या हातात दिले. "नीट लावलेत. पहिल्यापासून बघा."

त्याने ते तिकिटांची तपासणी करावी तसे बघितले, एकेक, अंगठ्याने सरकवत. पहिल्या चित्रावर थांबला. दुसऱ्यावर जास्त थांबला. मग तोंडाने आकडे म्हणायला लागला. "दोन. अडीच. तीन. तीन." त्याचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला. "साडेतीन. चार." मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "परवापेक्षा अर्धं जास्त."

"हो."

"म्हणजे मलाच सांगितलं होतं."

"तुम्हालाच, काका."

पुढची चित्रं त्याने उजेडाला नेऊन बघितली. आठ. साडेआठ. दहा बोटांचं चित्र आल्यावर त्याने टोपी खिळ्यावरून काढली आणि घातली. कशाला ते मी विचारलं नाही. शेवटची, काचेला पंजे लावलेली, मी मागे ठेवायला हवी होती. ती त्याने बघितली, आणि कॉटवर बसला.

"साडेचार मिनिटं थांबल्या," तो म्हणाला. "आणि मी इथे होतो. बटाटे सोलत होतो."

मी माफी मागितली. सरळ शब्दांत, माझ्या अहवालामुळे हे झालं असं म्हटलं. त्याने हात हलवला. "तुम्ही खरं लिहिलंत. त्यात काय." मला रागावला असता तर बरं झालं असतं.

त्याला माझ्या स्कूटरवर बसवून मी तलावावर नेलं. मनात म्हटलं, आज नाही तर सोमवारी, पाचला दहा कमी असताना त्याला फाटकावर आणून उभा करू. काच खाली होईल, तो विचारेल, ती सांगेल. माझी स्कूटर पेट्रोलची, पाटी पांढरी. दांड्यापुढे थांबावं लागलं, यंत्राने पावती ओकली. कंडक्टरने ती ओढून घेतली आणि सवयीने तारीख तपासली.

आत गेलो तर वाहनतळ रिकामा. तलावाच्या दारावर कागद लावलेला होता. हंगाम संपला, वर्ग बंद, चार महिने सफाई आणि दुरुस्ती. कुंपणापलीकडे पंप घरघरत होता आणि पाणी उपसलं जात होतं. अर्ध्याहून अधिक तलाव रिकामा झाला होता. काठावरच्या खुणा दिसत होत्या, एकपासून दहापर्यंत. पंपवाल्याने आत जाऊ दिलं आणि कंडक्टरने त्या पहिल्यांदाच बघितल्या. एवढी वर्षं फाटकावर काढून तो आत कधी गेलाच नव्हता. तो एकच्या खुणेपासून चालत दहापर्यंत गेला, भिंतीला हात लावला आणि परत आला.

"लांब आहे," तो म्हणाला.

पाटीवरून मालकाचा पत्ता काढणं माझ्या अधिकारात नाही. तरी मी म्हटलं, प्रयत्न करते. त्याने मान हलवली. "नको. नियम आहे. आणि जाऊन काय म्हणू? मी कोण त्यांचा?"

"चार महिन्यांनी येतील की परत."

"दहा झाले," तो म्हणाला. "आता कशाला येतील?"

मग त्याने केबिनची किल्ली मागितली. मी कुलूप काढून दिलं. आत धूळ बसली होती, खुर्ची तशीच, वही तशीच. त्याने फडक्याने वही पुसली, पेन झटकलं, शेवटच्या नोंदीखाली रेघ मारली. शुक्रवारची तारीख घातली. गाडीचा नंबर पाठ होता. वेळ चित्रावरून उतरवली. शेऱ्याच्या रकान्यात हात जरा थांबला, मग त्याने वळणदार अक्षरात लिहिलं: 'दहा.' थोडं मागे सरून वाचलं, आणि पुढे आणखी लिहिलं: 'भिंतीपर्यंत.'

वही त्याने माझ्याकडे फिरवली आणि पेन पुढे केलं.

"सही तुम्ही करा, ताई. मी आता नोकरीत नाही."

मी सही केली. अहवालावर केली होती तशीच, पूर्ण नावाची. त्याने ती नीट वाळू दिली, वही मिटली, आणि मी स्कूटर चालू करेपर्यंत खुर्चीत बसून राहिला.